दोन नावांची आई

आई मस्कतला जाणार, हे घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर सगळ्यांना माहीत होतं. गिरणी बंद पडल्यावर बाबा तिकडे फिटर म्हणून गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. रजा मिळत नव्हती. शेवटी कंपनीने बायकोला महिनाभर आणायची परवानगी दिली. एकदाच.

"ओळखशीत ना गो घोवाक?" शेजारची काकी आईला म्हणाली. "पोट सुटला असतला."

"माका बघून तेच परत फिरतले," आई म्हणाली आणि सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी बॅगेत खाली दडपली.

पासपोर्टचा फॉर्म मी भरला होता. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे सगळे कागद माझ्याकडेच यायचे. आईच्या जन्मतारखेचा एकच पुरावा होता, गावच्या शाळेचा चौथीचा दाखला. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. मी तेच उतरवलं. दाखल्यावर आहे तसंच लिहायचं, असं आम्हाला कॉलेजात बजावलेलं. आपल्याला हे कळतं, याचा थोडा अभिमानही असावा मला तेव्हा.

बाबांनी व्हिसासाठी पासपोर्टचा नंबर मागितला. मी नंबर तेवढा कळवला. नाव काय कळवायचं? ते तर त्यांनीच ठेवलेलं, लग्नात, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून.

सहार विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने एका हातात पासपोर्ट धरला, दुसऱ्या हातात व्हिसाचा कागद. मी दोरीच्या अलीकडे उभी होते.

"ही कोण?"

"मीच."

"आणि ही?"

"ती पण मीच, साहेब. ही माहेरची, ती सासरची."

रांगेत कुणीतरी हसलं. तो माणूस हसला नाही. त्याने आत जाऊन वरच्यांना विचारलं, बराच वेळ लावला, आणि परत येऊन आईची बॅग काट्यावरून खाली ठेवली.

आई दोरीपाशी आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल. सोडे उन्हात घालूक होये."

आम्ही तार केली. पण ती पोचायच्या आधीच बाबा तिकडच्या विमानतळावर जाऊन उभे राहिले होते. ते नंतर त्यांच्या पत्रातून कळलं. आईला सावकाश वाचता यायचं, तरी पत्र ती माझ्याकडूनच वाचून घ्यायची. बाबांनी लिहिलं होतं: "त्या विमानात तू नव्हतीस, म्हणून पुढच्या विमानाची वाट बघितली. हिरवी साडी नेसून येईन म्हणाली होतीस. एक हिरवी साडी बाहेर आली, म्हणून मी हात केला. जवळ आली तर दुसरीच बाई होती."

तेवढ्या ओळी आईने मला पुन्हा वाचायला लावल्या.

पासपोर्टवरचं नाव बदलेपर्यंत कित्येक महिने गेले. कंपनीची परवानगी संपली ती संपलीच. आई मस्कतला कधी गेली नाही. दोन वर्षांनी बाबाच कायमचे परत आले. पोट सुटलं नव्हतं, उलट खूप वाळले होते.

फॉर्म कुणी भरला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आईने सांगितलं असेल का, मला माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवून दोनतीनदा त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि भलतंच काहीतरी बोलून उठले.

ती साडी इतकी वर्षं ट्रंकेत होती. परवा आई ती नेसून बाजारात गेली. बाबा दारात उभे होते, मी आत पुस्तक घेऊन बसले होते. खाली टेकडीच्या पायऱ्यांवर हिरवा रंग दिसला. बाबांचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. आई चढत होती, दोन्ही हातांत पिशव्या, मान खाली. तिने वर बघेपर्यंत तो हात तसाच राहिला.