पुन्हाकाकांची रिकामी बंदूक

बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याला सगळे पुन्हाकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. संध्याकाळी पाळी बदलताना ते कोपऱ्यातल्या वाळूच्या लाल बादलीकडे तोंड करून दुनळी बंदूक उघडत, दोन्ही काडतुसं काढत, नळ्यांतून उजेड दिसतो का ते बघत आणि मोठ्याने ‘रिकामी’ म्हणून ती मिटत. इथवर कुणाची हरकत नव्हती. पण बंदूक हातात घेणाऱ्याने ती तिथल्या तिथे पुन्हा उघडून बघावी, हा त्यांचा हट्ट होता. आत्ताच तर बघितली, असं कुणी म्हटलं की काका म्हणत, “मी बघितली. तू कुठे बघितलीस?”

घरीही तोच खाक्या. गॅस बंद केला का, कडी लावली का, सगळं दोनदा. “लग्नाला हो म्हटलं, तर तेही यांनी पुन्हा विचारलं होतं,” असं बायको पाहुण्यांना सांगायची. काका यावर नुसते हसत. तरुणपणी एका गोदामाच्या चौकीत त्यांच्या जोडीदाराने ‘रिकामी आहे रे’ म्हणत बंदूक पुढे केली होती, आणि त्या रिकाम्या बंदुकीने तिसऱ्याच माणसाची पोटरी फोडली होती. ही गोष्ट ते सहसा कुणाला सांगत नसत. सांगितली असती तर निदान चेष्टा तरी कमी झाली असती, पण मनुष्य बोलण्यात मुलखाचा कंजूष.

संध्याकाळच्या पाळीला त्यांचा मेहुणा होता, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. काकांनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता. मेहुणा मिशा राखून होता, पण मनाने नाजूक होता. रोज सगळ्या स्टाफसमोर बंदूक पुन्हा उघडायला लागते म्हणजे आपल्यावर भरवसा नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं. मग शिपायाने एकदा “घ्या, काकांची परीक्षा” म्हणून खिदळल्यावर त्याचा पारा जो चढला, तो उतरेचना. बहिणीच्या घरी येणं त्याने बंद केलं. ती बिचारी दोघांच्या मध्ये भरडली जात होती, आणि भावाची वाट बघून एकटीच डोळे पुसत होती. काकांना ते दिसत होतं.

त्या संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं, शटर अर्ध्यावर आलं. काकांनी बादलीकडे तोंड करून बंदूक उघडली, उजवं काडतूस काढून पट्ट्यात खोचलं, आणि खिशातला फोन वाजला.

“अहो, तो निघालाय,” बायको म्हणाली. “आज त्याला उघडायला लावू नका. एवढं एकच मागते. परत काही मागणार नाही.”

“अगं, ते काय माझ्या मनाचं आहे का...”

“माझा भाऊ तुटतोय हो.”

“बरं, नाही लावत,” काका म्हणाले. फोन ठेवेपर्यंत मेहुणा समोर हजर होता, नेहमीसारखा तोंड फुगवून. काकांनी बंदूक मिटली. “रिकामी,” म्हणाले आणि त्याच्या हातात दिली. मेहुणा सवयीने उघडायला गेला, तर काकांनी मान हलवली. “राहू दे.”

मेहुण्याने त्यांच्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला. “येतो रविवारी जेवायला, ताईला सांगा,” तो म्हणाला. काकांना एवढं बरं वाटलं, की घर गाठायच्या आधीच फोन करून ही बातमी द्यावी म्हणून त्यांनी रस्त्यात खिशात हात घातला.

फोन हाताला लागला आणि पाय जागीच थांबले. फोन आला तेव्हा आपण काय करत होतो? उजवं काडतूस काढलं, हे बोटांना आठवत होतं. डावं काढल्याचं काही केल्या आठवेना. नळ्यांतून खिडकीचा उजेड बघितलेलाही आठवेना. काका उलटे फिरले आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने पळत सुटले.

मेहुण्याची एक सवय त्यांना ठाऊक होती. कपाटात ठेवण्याआधी स्प्रिंगा सैल व्हाव्यात म्हणून तो दोन्ही चाप ओढून सोडायचा. काका त्यावरही कटकट करत, पण निदान त्याआधी बंदूक दोनदा उघडलेली असायची. आज ती एकदाही धड उघडलेली नव्हती.

शटरखालून वाकून ते आत शिरले. मेहुणा टेबलापाशी बसून, मांडीवर बंदूक आडवी घेऊन नळ्या पुसत होता. नळ्यांचं तोंड कॅशियरबाईंच्या केबिनच्या पातळ प्लायवूडकडे होतं, आणि पलीकडून बाईंचा आवाज येत होता. त्या घरी कुणाला तरी निघतेच म्हणून सांगत होत्या. मेहुण्याने फडकं बाजूला ठेवलं. अंगठ्याने चाप अडवून ठेवणारा खटका पुढे सरकवला. बोट पहिल्या चापावर गेलं.

काकांच्या घशाशी ओरड आली होती. ती त्यांनी गिळली. ओरडलं की माणूस दचकतो, आणि दचकलेलं बोट आवळतं.

“अरे,” ते अगदी घरच्या आवाजात म्हणाले, “ताई काय म्हणाली, ऐकलंस का?”

मेहुण्याने मान वर केली. “काय म्हणाली?”

“सांगतो. आधी बोट बाहेर काढ.”

“भावोजी, पुन्हा सुरू झालं का तुमचं?” त्याचा चेहरा परत आंबट झाला. बोट तिथेच होतं.

“हो, झालं. चूक माझी आहे, तुझी नाही. बोट बाहेर. शाब्बास. आता तोंड बादलीकडे कर आणि उघड.”

त्याने उघडली. डाव्या नळीत काडतुसाचं पितळी गोल बूड चकाकत होतं. दोघांनीही ते पाहिलं. कॅशियरबाई पर्स खांद्याला अडकवून केबिनमधून बाहेर आल्या, “काका, अजून इथेच?” म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता शटरखालून निघून गेल्या. मेहुण्याने बंदूक उघडीच टेबलावर ठेवली.

“तुम्ही दिलीत,” तो कसाबसा म्हणाला, “म्हणून मी बघितली नाही.”

इतकी वर्षं काकांनी सगळ्यांच्या मागे टुमणं लावलं होतं, आणि आज एका माणसाचा जीव घेऊ शकणारं काडतूस त्यांच्याच हातून नळीत राहिलं होतं. त्यांनी ते काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसमोर टेबलावर ठेवून घडलं ते सगळं सांगितलं. मॅनेजरने चांगलीच खरडपट्टी काढली. शिपाई दारात उभा होता, पण हसला नाही. बायकोलाही त्यांनी रात्री सगळं सांगितलं होतं. तिने फोन केल्याबद्दल स्वतःला बोल लावला, तेव्हा ते म्हणाले, “फोन तुझा होता, बंदूक माझ्या हातात होती.”

संध्याकाळी पाळी बदलताना काकांनी बंदूक रिकामी करून दिली. मेहुण्याने कुणी सांगायच्या आत ती उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला आणि मिटली. मग ती काकांपुढे धरली.

“भावोजी, पुन्हा.”

काकांनी ती उघडली.