लेलँडच्या नव्या पिस्तुलाची नळी

लेलँड प्रुइट चिडला की बोलायचं बंद करायचा आणि गाडीचं दार जरा जोरात लावायचा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या गाडीच्या दाराचा आवाज आमच्या गल्लीत रोज ऐकू येत होता.

त्याचं काम शेतातली पाणी देणारी फिरती यंत्रं दुरुस्त करण्याचं. मक्याला पाणी हवं असतं नेमकं तेव्हा ती बंद पडतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. उरलेला जीव पिस्तुलात. गावाबाहेर खडीच्या जुन्या खाणीत आमचा नेमबाजीचा क्लब आहे, तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लोखंडी तबकड्या पाडायच्या स्पर्धा होतात. लेलँड कधी पहिला आला नाही, पण पहिल्या पाचांतून कधी बाहेरही गेला नाही. काडतुसं तो घरीच भरायचा. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून घ्यायच्या, मागे नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. गराजमधल्या टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. त्याच्या डोळ्यांवर चष्मा असे, रेडिओ बंद असे. तो दारू मोजत असताना त्याची बायको ट्वायला दारातून हाकसुद्धा मारायची नाही, खोकून परत जायची.

त्याच्या जुन्या पिस्तुलाचा सांगाडा वापरून वापरून तडकला. जवळच्या स्कॉट्सब्लफ शहरातल्या बंदुकांच्या दुकानातून त्याने त्याच जातीचं नवं घेतलं. आणि पहिल्याच स्पर्धेत ते तीनदा अडलं. काडतूस नळीत अर्धवट जायचं आणि वरचा सरकता भाग पुरता मिटायचाच नाही. तबकड्या समोर उभ्या, मागे सगळा क्लब उभा, आणि लेलँड अंगठ्याने तो सरकता भाग पुढे ढकलतोय. क्लबच्या सुरक्षेचं काम टॅमरा बघते, एरवी ती गुरांच्या डॉक्टरकडे कामाला असते. तिने त्याला थांबवलं आणि पिस्तूल रिकामं करायला लावलं. लेलँडने ते पेटीत टाकलं आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

पुढचे दोन आठवडे त्याने सगळ्यांना दोष दिला. स्प्रिंग बदलली. काडतुसं भरायचं मॅगझीन बदललं. तेल बदललं. शेवटी पिस्तूल घेऊन दुकानात गेला, तर तिथल्या माणसाने कारखान्याची तयार काडतुसं घालून पन्नासेक बार काढले. एकदाही अडलं नाही. लेलँड घरी आला तो लाल होऊन. ट्वायलाने खिमा-कोबी भरलेले गरम रन्झा पाव पुढे ठेवले, तर म्हणाला भूक नाही, आणि मग गराजमध्ये उभ्याने तीन खाल्ले. पिस्तूल बरोबर असेल तर चूक त्याच्या काडतुसांची होती. पण हीच काडतुसं जुन्या पिस्तुलात वर्षानुवर्षं लोण्यासारखी चालली होती, म्हणून ते त्याला पटता पटत नव्हतं.

टॅमरा एकदा संध्याकाळी आपणहून आली. मी तेव्हा त्याची शिडी परत द्यायला गेलो होतो. तिने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, ते उघडून नुसती नळी हातात घेतली आणि कारखान्याचं एक काडतूस नळीच्या मागच्या तोंडात सोडलं. टक् करून ते तळाला बसलं आणि बोटाने सहज फिरलं. मग लेलँडचं सोडलं. ते वर थोडं बाहेर राहिलं आणि फिरवायला गेलं तर अडकलं.

"तुमची गोळी पुंगळीतून फार बाहेर राहिलीये, लेलँड," ती म्हणाली. "जुन्या नळीचं तोंड कुणी आतून मोकळं केलं होतं का?"

लेलँडने मान डोलावली. केलं होतं. ज्याच्याकडून त्याने ते पिस्तूल जुनंच घेतलं होतं, त्याने एका कारागिराकडून नळी आतून कोरून घेतली होती, म्हणून तिथे बाहेर राहिलेल्या गोळीलाही जागा होती. कारखान्यातून आली तशी नळी तेवढी मोकळी नसते. गोळीचं टोक नळीच्या आतल्या पिळदार खाचांना आधीच टेकत होतं.

टॅमराने उपायही सांगितला. गोळी आणखी आत दाबायची. पण मग पुंगळीत जागा कमी होते आणि दाब वाढतो, म्हणून दारू कमी करून, दारूच्या मापांच्या पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापापासून नव्याने चढत यायचं. आधी भरलेली काडतुसं सुटी करायची. लेलँडला हे माहीत नव्हतं असं नाही, त्यानेच आमच्यातल्या निम्म्या लोकांना शिकवलं होतं. पण कपाटात वर्षभराची भरलेली काडतुसं होती, डबेच्या डबे, आणि शनिवारी स्पर्धा होती.

गुरुवारी डेल्बर्ट नॉस्की आला. त्याचा सगळ्यात जुना दोस्त.

"अरे, केसाएवढी तर दाबायचीये," डेल्बर्ट म्हणाला. "एवढ्याने काय होतंय? तू म्हातारा झालास लेका."

लेलँडने त्याला हाकलून दिलं. आणि मग, दिवसभर तीन शेतांत तीन बंद यंत्रांशी झगडून आलेला तो माणूस, मूठभर काडतुसं घेऊन टेबलाशी बसला आणि सगळ्यांच्या गोळ्या आणखी आत दाबल्या. दारूला हात लावला नाही. त्याची दारू आधीच वरच्या मापाच्या जवळ होती.

शुक्रवारी खाणीत तो आणि मी दोघंच होतो. पहिले काही बार झाले. मला आवाज जरा कडक वाटला. पुढचा बार निराळाच झाला. मॅगझीन खालून निसटून खडीवर पडलं, मुठीतून धूर आला, आणि लेलँडने पिस्तूल समोरच्या फळीवर ठेवून उजवा हात काखेत दाबून धरला. पुंगळी बुडाशी फाटली होती. डोळ्यांवर चष्मा होता. बोटं जागेवर होती, तळवा मात्र भाजल्यासारखा लाल झाला होता.

तो माझ्या गाडीच्या मागच्या फळीवर बसला. मी पाणी दिलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दाबतानाच माहीत होतं."

ट्वायलाने त्याच्या हाताला पट्टी बांधली. ओरडली नाही. गराजची किल्ली मात्र तिने आपल्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली की हात बरा झाला की बोलू. एवढंच. तो आठवडाभर घरात अस्वस्थ फिरत होता.

डेल्बर्ट त्या आठवड्यानंतरच्या रविवारी चर्चनंतर आला, दारातच उभा राहिला.

"मी नको ते बोललो, लेलँड."

"तू बोललास. दाबलं मी," लेलँड म्हणाला. "आता आलाच आहेस तर बस. चष्मा घाल."

ट्वायलाने किल्ली दिली. ती सगळी काडतुसं सोडवायला दोघांना पुढचे कित्येक रविवार लागले. प्लास्टिकच्या हातोडीसारखं एक अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटायचं की गोळी सुटते. एकाला दोन-तीन ठोके. गल्लीभर ठक ठक ठक. लेलँडचा हात दुखायचा, डेल्बर्टची पाठ धरायची, आणि दोघं एकमेकांवर खेकसायचे. सुटलेली दारू त्यांनी परसात गवतावर पसरून टाकली.

पिस्तूल दुकानाने तपासलं, फुटलेली मूठ बदलली. नळी शाबूत होती. दुकानदार म्हणाला, दुसरी मोकळ्या तोंडाची नळी बसवून घ्या, तुमची जुनी सवय तशीच चालेल. लेलँड म्हणाला नको, ही आहे तशीच राहील, काडतूस मी बदलीन. डेल्बर्टने कपाळाला हात लावला.

मग नव्याने सुरुवात. सगळ्यात खालच्या मापाचं काडतूस इतकं कमजोर निघालं की पुंगळी बाहेर पडेना, पिस्तूल पुन्हा अडलं. लेलँड मानेपर्यंत लाल झाला, पण पुढच्या वेळी माप केसभरच वाढवलं. मग पुन्हा केसभर. प्रत्येक वेळी आधी नळी सुटी काढून काडतूस सोडून बघायचं, टक् आणि फिरलं तरच पुढे. सप्टेंबर संपता संपता पिस्तूल चालायला लागलं, न अडता.

ऑक्टोबरच्या स्पर्धेत एकदाही अडलं नाही. पण तबकड्या पडेनात. लेलँडचे बार खाली जात होते, सगळे खाली. तो पिस्तुलावरच्या नेम धरायच्या काट्याला दोष देऊ लागला. मग सरावाच्या एका फेरीसाठी टॅमराने त्याला न सांगता मॅगझीनमध्ये मधेच एक पोकळ काडतूस भरलं, आत दारू नसलेलं. त्याची पाळी आली तेव्हा चाप ओढताना नुसतं टिक् झालं आणि पिस्तुलाचं नाक जमिनीकडे बोटभर झुकलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"हात घाबरलाय तुमचा," टॅमरा हळू म्हणाली. "जाईल. पण वेळ लागेल."

तो त्या दिवशी शेवटून दुसरा आला. हिवाळाभर पोकळ काडतुसं घालून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून नुसता चाप ओढत बसायचा. ट्वायला सांगते, वीस वेळा नाक स्थिर राहायचं, एकविसाव्या वेळी झुकायचं, की तो पिस्तूल ठेवून अंगणातला बर्फ ओढायला निघून जायचा, बर्फ नसला तरी फावडं घेऊन जायचा. मार्चमध्ये खाणीतली वाट मोकळी झाली तेव्हा पुन्हा आला. आठवा आला. मी म्हणालो, बरं झालं की. त्याने पेटी मागच्या सीटवर ठेवली.

"पहिल्या तीन तबकड्यांना डोळे मिटले मी," तो म्हणाला, आणि शेजारी उभ्या डेल्बर्टने काही बोलायच्या आत गाडीत बसून दार लावून घेतलं.