चालू कारखाने

औद्योगिक वसाहतीतल्या बंद कारखान्याच्या फाटकाशी वॉचमनचा पंखा फिरत होता. समोरच्या खानावळीत जेवताना माझी नजर तिकडेच जात होती. निवृत्त होईपर्यंत शहराचा आणि तालुक्याचा तिमाही आर्थिक अहवाल मीच लिहायचो. आमची रीत साधी होती: विजेचा मीटर फिरतोय, म्हणजे कारखाना चालू. मीटर एका पंख्यावरही फिरतो, हे मला माहीत होतं. तरी मी लिहीत गेलो. गावाची तब्येत कागदावर सुधारते आणि माणसं त्या कागदाच्या भरवशावर आपला संसार मांडतात.

खानावळवाल्या शालनताई पेपर घेऊन आल्या. "काका, अहवाल वाचलात? सगळं जोरात आहे म्हणे. मग ते जोरातले लोक जेवतात कुठे?" त्या हसल्या. "येतीलच आता, म्हणून बाजूचा गाळा घेतेय. मालक येईलच आता सहीला."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"नका घेऊ," मी म्हणालो. "तो पंखा दिसतोय? अहवालात तो चालू कारखाना आहे. मीही असंच लिहायचो."

त्यांनी फाटकाकडे बघत पेपरची घडी घातली.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "खानावळीचा हा गाळासुद्धा मी तुम्ही लिहायचात तेव्हा, पेपरातला अहवाल वाचूनच घेतला होता."