तीन संघ, दोन जागा आणि नाचणीचे लाडू

हसणार नाही असं कबूल करा, तर सांगतो. नाही करत? बरं, निदान हातातला चहा तरी खाली ठेवा. अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये.

मी किन्हवलीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. कबड्डीशी माझा संबंध एवढाच, की खेळाच्या सरांचा पाय मोडला आणि प्राचार्यांची नजर नेमकी माझ्यावर पडली. झालं! मी मुलींच्या संघाचा व्यवस्थापक.

शहापूरला चार कॉलेजांची साखळी स्पर्धा होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, पहिले दोन संघ जिल्ह्याला. निघताना आमची कर्णधार जयू हिची आई, सुमनकाकू, नाचणीच्या लाडवांचा मोठा डबा घेऊन एसटीपाशी हजर. काकू बाजारात भाजी विकते. तिच्याशी सरपंचसुद्धा घासाघीस करत नाहीत, यावरून काय ते समजा.

"सर, जयूच्या बापाकडून शब्द घेतलाय मी," काकू म्हणाली. "संघ जिल्ह्याला गेला तं पोर पुढं खेळंल. नाय गेला तं सोमवारपासून हायवेच्या कंपनीत पॅकिंगला. आता तुमच्या हातात हाय."

माझ्या हातात? माझ्या हातात फक्त लाडवांचा डबा होता. खरं सांगतो, शहापूरपर्यंत मी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

पहिल्या सामन्यात आम्ही मुरबाडला हरवलं. दुसऱ्यात आटगावने आम्हाला हरवलं. तिसरा सामना चौथ्या संघाशी. तो बिचारा नवखा, आल्यापासून हरत होता. आमच्या पोरींनी त्यांच्यावर लोण चढवला, म्हणजे अख्खा संघ बाद केला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा केला.

मला त्या पोरींची दया आली. शिवाय आमच्या पोरी इथेच दमल्या तर जिल्ह्याला काय खेळणार? मनातून मी जिल्ह्याला पोचलोच होतो ना!

"जयू, बास आता! वेळ काढा!" मी ओरडलो.

"सर, अजून एक लोण बसंल!"

"नको गो! जिंकलोय आपण. पॉइंट काय घरी न्यायचेत?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर मरेपर्यंत विसरणार नाही.

आमचा सामना संपला आणि शेजारच्या मैदानावर मुरबाडने आटगावला हरवलं. म्हणजे आमचे दोन विजय, मुरबाडचे दोन, आटगावचेही दोन. पोरी माझ्याभोवती गोळा झाल्या.

"सर, आमी गेलो का पुढं?"

आता ग्रंथपालाला कुणी काही विचारलं आणि त्याने "माहीत नाही" म्हटलं, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी छाती काढून सांगितलं, "बरोबरी झाली की एकमेकांतला सामना बघतात. मुरबाडला आपण हरवलंय. मुरबाड बाद, आपण आत!"

पोरींनी जो गलका केला! मी लगेच काकूला फोन लावला. "काकू, पोरी जिल्ह्याला!"

"देवा रे! सर, थांबा तिथंच. टेंपो काढतो आमी, ढोल घेऊन येतो!"

मी लाडवांचा डबा उघडला. मुरबाडच्या बाई गलका ऐकून जवळ आल्या. मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "अय्या, मग आम्ही आटगावला हरवलंय. म्हणजे आम्हीपण आत!" मी म्हटलं, "अर्थात! घ्या लाडू."

आटगावचे सर आले. "आमी तं तुमालाच हरवलंय. मग आमी?"

"तुम्हीपण आत! घ्या ना, लाजताय काय?"

तीन संघ, जागा दोन, आणि तिघंही माझ्याच डब्यातले लाडू खात नाचतायत! हे माझ्या ध्यानात कधी आलं? लाडू संपल्यावर.

धावत पंचांच्या टेबलाशी गेलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, तिघांची बरोबरी आहे. ह्याने त्याला, त्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने ह्याला हरवलंय. मग गुणांचा फरक बघायचा. सगळ्या सामन्यांत किती मिळवले, किती दिले. आमचा हिशोब चाललाय."

पॉइंट काय घरी न्यायचेत!

सगळी पुस्तकं मी सांभाळतो, पण नियमांचं पुस्तक तेवढं उघडून बघितलं नव्हतं. एक लोण आणखी चढला असता! जयू समोर मैत्रिणींना सांगत होती, "आता बाबा कंपनीचं नाव नाय काढणार." मला तिच्याकडे बघवेना. मी मंडपाच्या खांबाला धरून उभा राहिलो, आणि एवढ्यात लांबून ढोल ऐकू आला.

तुम्ही कधी ढोलाला घाबरलायत? मी घाबरलो. टेंपो जवळ येत होता आणि मी देवाकडे त्याचं टायर पंक्चर होण्याची भीक मागत होतो. देवाने ऐकलं नाही. काकू गुलालाची पिशवी घेऊन उतरली आणि सरळ माझ्याकडे आली. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला रडूच फुटलं.

"काकू, मला माफ करा! संघ गेला नाही! मीच घालवला! जयू आणखी लोण चढवत होती, मीच तिला थांबवलं!"

ढोल बंद पडला. काकूने पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला. मी डोळे मिटले.

तेवढ्यात माईक खरखरला. "आटगावचा फरक सर्वांत जास्त, म्हणून आटगाव पहिला. किन्हवली आणि मुरबाड, दोघांचा फरक सारखाच. आता दोघांतच बरोबरी उरल्यामुळे त्यांचा आपसातला सामना धरला आहे. त्यात किन्हवली विजयी. सबब किन्हवली दुसरा!"

म्हणजे? म्हणजे शेवटी माझाच नियम लागू झाला! फक्त दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं असतं, तर गुलाल लावून मी हीरो झालो असतो.

पोरींनी जयूला उचललं. ढोल पुन्हा सुरू झाला. काकू लेकीला कवटाळून रडली, हसली, आणि मग वळून माझ्याकडे आली.

"ते समदं झालं. पण सर, तुमी पोरीला थांबवलंत का?"

मी लाडवांचा रिकामा डबा तिच्या हातात दिला.

जिल्ह्याच्या स्पर्धेला व्यवस्थापक म्हणून नाव माझंच होतं. पण बाकावर माझ्या शेजारी काकू बसली, मांडीवर भरलेला डबा. पोरींची आघाडी वाढली, सवयीने मी "जयू, जरा..." म्हणायला तोंड उघडलं, आणि काकूने त्यात अख्खा लाडू कोंबला. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा लाडू.

पोरी शेवटपर्यंत जीव तोडून खेळल्या आणि चषक घेऊन आल्या. जयूच्या बापाने तो पानाच्या टपरीवरसुद्धा नेऊन दाखवला. आणि मी? दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो तर पँटचं बटण लागत नव्हतं.