व्हीली शिकवणारा घोडा

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात संगप्पाला मान वर करायला फुरसत नव्हती. औसा रोडवर त्याचं वेल्डिंगचं दुकान. ज्याला त्याला टाकीचा स्टँड पाहिजे होता, टँकरचा गळका सांधा भरून पाहिजे होता. एका दुपारी खाकी वर्दीतली एक पोरगी दुकानासमोर येऊन उभी राहिली. पाण्याच्या टाकीवर बंदोबस्ताला होती, उन्हानं चेहरा काळवंडला होता.

"अण्णा, ओळखलं का? लिंबाजीची बहीण. मित्रा."

संगप्पाच्या हातातली वेल्डिंगची कांडी तशीच जळत राहिली.

संगप्पाने शेवटचं पाहिलं तेव्हा संघमित्रा शाळेत होती. आता पोलीस शिपाई झाली होती, आणि स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात मोटरसायकलच्या कसरती करणाऱ्या पथकात तिची निवड झाली होती. बाकी सगळं तिला जमत होतं. पुढचं चाक उचलून गाडी एका चाकावर चालवायची, ती व्हीली तेवढी जमत नव्हती. दोनदा पडली होती.

"लातुरात व्हीली तुमच्यासारखी कुणाला येत नव्हती म्हणं. दादाच सांगायचा."

"मी सोडलं ते. अकरा वर्षं झाली."

"माहीत हाय. म्हणूनच आले. पडायचं कसं न्हाई, ते तुम्हालाच ठावं असंल."

संगप्पा नाही म्हणू शकला नाही. त्या घराला नाही म्हणायचा हक्क आपल्याला नाही, असं त्याला वाटत आलं होतं.

लिंबाजी त्याचा जिवलग. दोघं बावीस वर्षांचे असताना गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर व्हीली मारायचे. लिंबाजी पोलीस भरतीची तयारी करत होता, धावण्यात पहिला यायचा. एका रविवारी त्याची गाडी उलटी झाली आणि तो खाली सापडला. मणका मोडला. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून तो तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो, चाकाच्या खुर्चीवर बसून. सगळे म्हणाले, पोराची मस्ती. त्याची आई नागुबाईही तेच म्हणाली. संगप्पा गप्प राहिला.

मित्रासाठी त्याने रात्रीचा दिवस केला नाही, पण रोज दोन तास काढले. डाळमिलच्या भंगारातून एक जड लोखंडी रूळ आणला. मजबूत चौकट करून मागचं चाक त्या रुळावर बसेल असं केलं. गाडी जागेवरच राहायची. ॲक्सिलरेटर पिळला की जड रुळावर जोर येऊन पुढचं चाक वर उठायचं. फार उठलं तर दोन्ही बाजूंच्या साखळ्या गाडीला अडवायच्या, म्हणजे गाडी मागे उलटण्याची भीतीच नाही. हँडलच्या स्विचपासून तिच्या मनगटापर्यंत दोरी. हात सुटला की इंजिन बंद. दुकानातले लोक त्या यंत्राला घोडा म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी मित्रा घाबरून लगेच ॲक्सिलरेटर सोडायची आणि पुढचं चाक धाडकन आपटायचं. आठवडाभरात चाक हळू उचलायला लागली.

"आता वर गेल्यावर खाली यायचं शिक," संगप्पा म्हणाला. "ॲक्सिलरेटर सोडू नको. उजव्या पायानं मागचा ब्रेक हलका दाब. पुढचं आपोआप खाली येतं."

तिने केलं. चाक अलगद टेकलं. ती हसली, आणि मग सहज विचारलं, "आन् मागचा ब्रेक लागलाच न्हाई तर?"

संगप्पा साखळी तपासायच्या निमित्ताने खाली वाकला. "आज इतकंच," म्हणाला.

त्या संध्याकाळी तो झेरॉक्सच्या दुकानात गेला. बाकावर दोघे जण उदगीर नवा जिल्हा होणार का, यावर वाद घालत होते. ते जाईपर्यंत तो दारातच थांबला.

"ये की. बस," लिंबाजी म्हणाला. "मित्रा लई खूश हाय."

"लिंब्या, तुझ्या गाडीचे ब्रेकचे लायनर मी बदलले नव्हते."

लिंबाजीला समजलं नाही.

"त्या रविवारी. तू गाडी माझ्याकडं दिली होतीस. स्पेअरचं दुकान बंद होतं, नवे लायनर मिळाले न्हाईत. प्लॉटवर सगळे वाट बघून राहिले होते. मी जुनेच, झिजलेले, परत बसवले. तू विचारलास, झालं का? मी म्हणलो, हाव, नवे टाकले."

मशीन घरघरत होतं. लिंबाजीने हात लांब करून ते बंद केलं.

"मला आठवतच नव्हतं संगप्पा," तो हळूच म्हणाला, "मी ब्रेकवर पाय दाबला का न्हाई. अकरा वर्षं मी ह्या पायाला शिव्या देऊन राहिलो. ऐन वक्ताला चुकला म्हणून. आणि हा पाय बिचारा दाबतच होता."

संगप्पा रडायला लागला.

"रडू नको इथं. जा. आईला सांग. तुझ्या तोंडानं सांग."

नागुबाई अंगणात घागरी मांडत होती, टँकर यायची वेळ झाली होती. संगप्पाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने हातातली घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "लेकराला मी मस्तवाल म्हणत आले. तेवढं मला कोण माघारी देणार?" आणि पाठ फिरवून घागरी मांडू लागली.

मित्रा आता येणार नाही, असं धरून त्याने घोड्याच्या साखळ्या सोडून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ती आली. 'अण्णा' म्हणाली नाही. पान्हा मागून घेतला, मागचं चाक स्वतः उघडलं, लायनर बघितले, परत बसवले.

"दादा म्हणला, शिकायचं तर त्याच्याकडंच शीक. तो आता खोटं बोलणार न्हाई."

महिनाभराने तिची गाडी मैदानावर आली. संगप्पाने मागे लोखंडी दांड्याला दोन लहान चाकं जोडली, म्हणजे गाडी जास्त उठली तरी ती चाकं टेकावीत. पुढे तीही काढून टाकली.

पंधरा ऑगस्टला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो कुंपणाबाहेर उभा होता. मित्रा एका चाकावर मैदानाचा निम्मा भाग ओलांडून गेली आणि चाक अलगद टेकवून पुढे निघाली. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत नागुबाई होती, शेजारी खुर्चीत लिंबाजी. निघताना लिंबाजीला तो दिसला. दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. लिंबाजीने मान हलवली नाही, की फिरवलीही नाही.

दिवाळीनंतर पथकातल्या आणखी तिघी शिकायला आल्या. लिंबाजीचा फोन आला, एवढ्या वर्षांत पहिलाच. "शिकवायच्या आधी माझं काय झालं ते सांगत जा. माझं नाव घेऊन. तुझंबी."

संगप्पा दर वेळी सांगतो. मग मागचं चाक उघडून लायनर दाखवतो.