सगळ्याला पाच

माझ्या मायचा आवाज भरल्या सभागृहात स्पीकरवरून आला आणि लोक हसले.

माझे पीएच.डी.चे सर व्यासपीठावर उभे होते. हातात रिमोट. मागं पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं, उत्तरदाती क्रमांक सतरा. आधी माझा आवाज आला. "इथं काम करताना तुमचा मान राखला जातो असं वाटतं का? एक ते पाचमध्ये किती द्याल?" मग माय. "पाच." बसायला जागा, विश्रांती, किती? "पाच." पगार? "पाच गं. कायकू पुसतीस येवढं? सगळ्याला पाचच लिव्ह."

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. लोक हसले. सरांनी शेवटचं वाक्य पुन्हा लावलं. पुन्हा हसले. परदेशातून आलेल्या एक बाई तर डोळे पुसायला लागल्या. मग सर गंभीर झाले आणि म्हणाले की बघा, यांना जास्त काही मागायचं असतं हेच यांना ठाऊक नाही. हीच आमच्या संशोधनाची मुख्य गोष्ट. या वर्गात महत्त्वाकांक्षाच नाही.

टाळ्या.

मी तिसऱ्या रांगेत होते. गळ्यात विद्यापीठाचं कार्ड. आणि मीही हसले. शेजारची मुलगी माझ्याकडं बघून हसली म्हणून मी हसले. दात दाखवून. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नसती. पण खोटं लिहायचं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

बाप नांदेडकडून रेल्वेच्या कामाला हैदराबादेत आला. तारनाक्याच्या पलीकडं आमची वस्ती. सगळी मराठवाड्यातली बौद्ध घरं. मी दहावीत होते तेव्हा बाप गेला. मग माय हाऊसकीपिंगला लागली, हायटेक सिटीतल्या एका काचेच्या टॉवरमध्ये. दोन बस बदलून जायचं. चौदावा मजला. संडास, पॅसेज, काचा. मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगायचे, आई ऑफिसात असते. खोटं थोडंच होतं! ऑफिसातच असायची. कुणी पुढं विचारलं की मी विषय बदलायचे.

शाळा इंग्रजी, गल्लीत तेलुगू आणि दखनी, घरात मराठी. अशी मी. बी.ए., एम.बी.ए., मग पीएच.डी. वस्तीत पहिलीच. सर पुण्याचे. पहिल्या भेटीत म्हणाले, "अरे वा, मराठी! आडनाव काय म्हणालीस?" सांगितलं. "हं," म्हणाले. नंतर कधी मराठी म्हणून 'वा' म्हटलं नाही. पण वाईट वागले असंही नाही. पुस्तकं द्यायचे, खुर्ची द्यायचे. विषयही त्यांनीच दिला. कंत्राटी सफाई कामगार बायांचं समाधान. म्हणाले, "तुझ्या लोकांत आम्हाला शिरता येत नाही. तू असलीस की बाया बोलतात." मला काय वाटलं असेल? आनंद झाला. खरंच सांगते, छाती फुगली माझी.

चाळीस बाया हव्या होत्या. कंपनीनं पँट्रीत एक टेबल दिलं. सुपरवायझर दारात. मी विचारायचे, त्या उत्तर द्यायच्या, मी आकड्याला गोल करायचे, आवाज फोनवर रेकॉर्ड व्हायचा. बहुतेक आमच्याच वस्तीतल्या. सुभद्रामावशी, जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं, तीही. एकोणचाळीस झाल्या. राहिलेली एक बाई त्याच आठवड्यात काम सोडून गेली. दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म द्यायचे होते. समोर माय मॉप घेऊन उभी होती.

मी तिला बसवलं. यादीत सतरावा नंबर त्या सोडून गेलेल्या बाईचा होता, तोच मायला दिला. सुपरवायझरला कळू नये म्हणून स्वतःच्या आईला मी "तुम्ही" म्हटलं. ती गालात हसली. घरच्या माणसाला घेऊ नये हा नियम मला पाठ होता. सरांना सांगितलं नाही. नियम मोडला म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला समजावायचे. झूट. लाज होती. मायची लाज.

सभागृहातून मी थेट घरी गेले. संध्याकाळचं पाणी आलं होतं, माय बादल्या भरत होती.

"कसं झालं?"

"चांगलं झालं. तुझा आवाज लावला सरांनी. सगळ्यांपुढं."

ती थांबली. "माझा? मग? काय म्हणले लोक?"

मी भरलेली बादली बाजूला सरकवली.

"हासले?"

"हौ."

तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसले. मग म्हणाली, "हासू दे. तू पास झालीस ना?"

मला कळेना. कशात पास?

"अगं, त्या परीक्षेत. तू पेपर घेऊन आलतीस ना पँट्रीत. एक ते पाच. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, पोरगी आपली हाय, हात आखडायचा न्हाई. सुभद्रानंच सगळ्यांना सांगितलं. एक बी कमी झाला तर तिचा सायेब तिला नापास करील. पैकीच्या पैकी द्यायचे."

मी तिथं ओल्या फरशीवर बसले.

"म्हणजे मान राखतात म्हणालीस ते?"

"कसला मान गं! संडास आम्ही घासायचा, पण जायचं झालं तर तळघरात जायचं. चौदा मजले. डबा खायचा तर फिनाइलच्या खोलीत, उभ्यानं. बसलं की फोटो काढून पाठवतो सुपरवायझर. दारात हुभा होता त्याचं भ्या होतंच. पण त्याच्यासाठी न्हाई बोलले मी. तुझ्यासाठी बोलले."

सहा वर्षं. दोन प्रकरणं छापायला गेलेली. तक्ते, आलेख, देशोदेशीचे संदर्भ. आणि त्याच्या बुडाशी काय होतं? माझ्या वस्तीतल्या बायांनी लेकीला पास करायला दिलेले मार्क. आणि त्याचा अर्थ आम्ही काढला, यांना काही मागायचंच नाही. आम्ही म्हणजे मीसुद्धा. ते वाक्य सरांचं, पण इंग्रजी माझं होतं. मीच नीट बसवलं होतं ते.    माय शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मला तो हात नको झाला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. चाळीसच्या चाळीस उत्तरं चुकीची आहेत. पुन्हा करावं लागेल, कंपनीच्या बाहेर.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे मुलाखती तू नीट घेतल्या नाहीस."

"हो सर. चूक माझी. पण निष्कर्ष खोटा आहे."

"निष्कर्ष आकड्यांवर असतो. तुझ्या भावनेवर नसतो."

"सर, सतरा नंबरची बाई माझी आई आहे."

त्यांनी चष्मा काढला.  मला वाटलं, आता माणूस म्हणून काहीतरी बोलतील. ओशाळतील. निदान काल लावलं ते चुकलं म्हणतील.

"हे मला सांगितलं नाहीस ते बरंच केलंस," सर म्हणाले. "आता आणखी कुणाला सांगू नकोस. पेपर स्वीकारला गेलाय. तुझं नाव आहे त्यात, दुसरं. तुमच्यातल्या किती जणींना एवढं मिळतं? आईला सांग, अभिमान बाळग म्हणावं. आवाज परदेशी जाणार आहे तिचा."

मी म्हटलं, "तो आवाज परत द्या."

"काय?"

"आईचा आवाज. फॉर्मवर लिहिलंय सर, कधीही माघार घेता येते, कारण न देता. तुम्हीच लिहायला लावलंय."

सर हसले. कालच्या सभागृहासारखेच, अगदी सभ्य. "ते लिहायचं असतं. कुणी घेत नाही. आणि तू अशीच वागणार असशील तर प्रबंधावर माझी सही मिळणार नाही. दुसरा मार्गदर्शक शोध, मिळाला तर."

रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर मी बायांना थांबवलं. चटईवर बसल्या सगळ्या.   तुम्ही जे मार्क दिले त्याचं काय केलं ते सांगितलं. हसले ते सांगितलं. मीही हसले, हे मायसमोर सांगितलं.

मायनं मान खाली घातली.   मग सुभद्रामावशी म्हणाली, "आम्ही तुला वर चढवायला गेलो पोरी, आन् तू आमच्याच डोक्यावर पाय दिलास व्हय?"

 

मी माघारीचे कागद पुढं ठेवले. कुणी हात लावेना. काम जाईल, एक म्हणाली. लेकराची फी हाय, दुसरी म्हणाली. त्यांचं खरं होतं. मी कुठल्या तोंडानं आग्रह करणार? शेवटी माय पुढं सरकली. सही करता येते तिला, रात्रशाळेत शिकलेली. एकेक अक्षर कोरत तिनं सही केली. तिच्यामागं सुभद्रामावशी. मग आणखी पाच जणी. बाकीच्या उठून गेल्या. मी त्यांना दोष देत नाही.

ते सात कागद आणि सोबत माझी तक्रार मी विभागात दिली, पोच घेतली. एक पत्र ज्या मासिकानं पेपर घेतला होता त्यांना. त्यात सगळं लिहिलं. माझी चूक आधी, सरांची नंतर.

पुढं जे व्हायचं ते झालं. सरांनी मला सोडलं. फेलोशिप थांबली. तीन प्राध्यापकांकडं गेले. एकानं सहानुभूती दाखवली, दुसऱ्यानं चहा पाजला, तिसऱ्यानं दारातूनच हात हलवला. हॉस्टेल सुटलं. कागदांची बातमी कंपनीपर्यंत पोचली असणार; दहा दिवसांनी मायचं गेट-कार्ड चालेना. मशीनची काही चूक असेल म्हणून ती तासभर फाटकाबाहेर उभी राहिली. मग सुपरवायझर आला. "कल से मत आना." बास. सुभद्रामावशीचंही तेच.

मी खचले. खोटं कशाला सांगू? आठवडाभर अंथरूण सोडलं नाही. वाटायचं, काय मिळवलं? दोन म्हाताऱ्यांचं काम घालवलं. स्वतःची सहा वर्षं पाण्यात घातली. सरांच्या खोलीत मान डोलावली असती तर आज डॉक्टर म्हणून आबिड्समधल्या कुठल्याशा कॉलेजात शिकवत असते. त्या नोकरीत मी मायला बसवून खाऊ घातलं असतं. हे विचार अजून येतात. भरदुपारी येतात, बसमध्ये येतात. गेले नाहीत.

परवा विद्यापीठाच्या ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी बोलावलं. तेलुगू बाई, मनानं चांगल्या. हळूच म्हणाल्या, "अम्मा, तक्रार मागं घे. पीएच.डी.चं नाव रद्द करून घे. दुसरीकडं अर्ज कर. इथं तुझं काही होणार नाही."

मी म्हटलं, "माझं काही होणार नाही, एवढं लेखी द्या."

 लेखी कुणी देत नाही. म्हणून मी रोज जाते. मार्गदर्शक द्या म्हणून रोज अर्ज, रोज पोच. नाव रद्द करणार नाही. करायचं असेल तर त्यांनी करावं, कारण लिहून, शिक्का मारून.

आणि मी पुन्हा सुरू केलंय. पँट्रीत नाही, वस्तीत. आकडे नाहीत. माय बोलते, सुभद्रामावशी बोलते, उठून गेलेल्यांतल्या दोघी आता येऊन बसतात. कुणी मला शिव्या घालून सुरुवात करतं. तेही लिहून घेते. माझ्या मार्गदर्शकाच्या नावाची जागा रिकामी आहे. सही मिळाली नाही तर बिनसहीचा प्रबंध देईन. स्वीकारला नाही तर विद्यापीठाच्या फाटकात उभी राहून मोठ्यानं वाचीन, या बायांना शेजारी खुर्च्यांवर बसवून. पण त्यातली एक ओळ कुणाला कापू देणार नाही.