छावणीचे इंग्रजी

आमच्या घरी इंग्रजी दैनिक येत असे, ते एसटीने आणि एक दिवस शिळे. अंक औरंगाबादेत छापला जाई आणि बीडच्या स्टँडवरून गडी तो घेऊन येईपर्यंत दुपार होई. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. तरीही सहकारी संस्थेचे चेअरमन झाल्यावर त्यांनी हे दैनिक हट्टाने सुरू केले. "मुंबईचे सायेब लोक मराठी पेपरात भजे बांधतेत," ते सांगत, "अन् इंग्रजीला चष्मा लावतेत."

तो अंक मराठीत वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. इंग्रजी विषय घेऊन मी एम.ए. झाले होते. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडे. पण हातात वर्तमानपत्र असले की मी उंबऱ्याच्या आत बसून न अडखळता बोलू शके, कारण शब्द दुसऱ्याचे असत. घरात मला जो काही मान होता तो त्या तासापुरता. मनातून मात्र त्या पानावर कधीतरी माझे स्वतःचे काही छापून यावे, एवढीच माझी इच्छा होती. इतक्या वर्षांत मी एक ओळही पाठवली नव्हती.

मग धाकटी जाऊ आली. ती पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिने संपादकांना पत्र टाकून बीडच्या बातम्या पाठवण्याचे काम मागून घेतले. असे मागता येते, हेच मला कधी सुचले नव्हते. कपिलधारच्या यात्रेवर तिने लिहिलेला मजकूर तिच्या नावासकट छापून आला, तेव्हा तांदळातले खडे निवडावेत तशी मी त्यातल्या चुका निवडत बसले. एक सापडली. दिवस बरा गेला.

त्या वर्षी पाऊस आला नाही. उभा ऊस वाळला, विहिरी आटल्या, आणि संस्थेने माळावर गुरांची छावणी उघडली. खेड्यापाड्यांतून माणसे आपापली जनावरे घेऊन आली आणि त्यांच्याशेजारीच पाले ठोकून राहू लागली. जाऊ संस्थेच्या जीपने तिथे जाई, शेणात उभी राहून बायकांशी बोले. मी घरी बसून त्याच विषयावरचे पहिले वाक्य मनात जुळवीत असे. ते जुळायच्या आत तिचे पाकीट टपालात पडलेले असे.

तिची बातमी पहिल्या पानावर आली. वाचता वाचता मी थांबले. छावणीला तिने सगळीकडे 'कँटोन्मेंट' म्हटले होते. इंग्रजीत त्याचा अर्थ फौजेची वस्ती. औरंगाबादेत त्या वस्तीलाही छावणीच म्हणतात, म्हणून तिथे कुणाला शंकासुद्धा आली नसावी. बीडच्या शेतकऱ्यांची गुरे लष्कराच्या ठाण्यात बांधली असून त्यांना रोज पेंड मिळते, असे त्या बातमीचे म्हणणे झाले होते. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मला इतका आनंद झाला नव्हता.

ओसरीवर मामंजी आणि संस्थेचे दोन जुने सभासद बसले होते. जाऊ माझ्या मागे दारात उभी होती. मी वाचू लागले: "बीडच्या शेतकऱ्यांनी आपली जनावरे छावणीत नेली..." आणि माझ्याच तोंडात ती चूक विरघळून गेली.

"लई ब्येस!" एक सभासद म्हणाला. "आपली छावणी इंग्रजीत गेली की!"

मी धीर केला. "मामंजी, इथं चूक झाली आहे. छावणीला कँटोन्मेंट म्हटलंय."

"कँटोन्मेंट म्हंजी?"

"छावणी."

"मग?"

"ही नव्हे. फौजेची."

"फौजेचे घोडे काय पेंड खात न्हाईत व्हय?" दुसरा सभासद म्हणाला, आणि दोघेही मांडीवर थाप मारून हसले.

"कावून मधीच आडवं लावता, बाई?" मामंजी म्हणाले. "वाचा पुढं."

जाऊ मात्र माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अय्या ताई, खरंच की! माझ्या डोक्यातच आलं नाही." तिच्या आवाजात शरमेचा लवलेश नव्हता. तेच मला सोसले नाही.

त्याच दुपारी मी संपादकांना चार ओळींचे पत्र लिहिले आणि खाली माझे पूर्ण नाव घातले. विद्येने जो धीर दिला नव्हता तो मत्सराने दिला. आठवड्याभरात पत्र छापून आले, आतल्या पानावर, बारीक टाइपात.

नेहमीप्रमाणे मी अंक वाचत त्या पानापर्यंत आले, माझे नाव पाहिले आणि अडखळले. शब्द आता दुसऱ्याचे नव्हते.

"काय झालं?" मामंजींनी विचारले.

जाऊने अंक माझ्या हातातून घेतला आणि खणखणीत आवाजात मराठी केले: "महोदय, आपल्या अंकात छावणीला छावणी म्हटले आहे, हे चूक आहे. कृपया छावणी असे वाचावे."

सभासदांना हसू आवरेना. "आरं, ह्यो कोण येडा?"

"मी," मी म्हणाले.

हसणे थांबले. जाऊ माझ्याजवळ बसली. "ताई, पत्र फार सुरेख लिहिलंय. मराठीत मीच त्याचा विचका केला. आता पुढच्या बातमीवर तुम्हीच हात फिरवा, मग मी पाठवीन."

तिच्या मनात काही काळेबेरे नव्हते. असते तर सोपे झाले असते. तिच्या नावाखाली माझी दुरुस्ती जाणार, आणि तेही तिच्या चांगुलपणामुळे.

"नाही," मी म्हणाले. "पुढची बातमी मीच लिहिणार आहे."

"मंग पेपर कोन वाचायचा?" मामंजींना तेवढीच काळजी पडली.

"ती वाचेल."

दुसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत कागद घेऊन बसले. बाहेर जाऊ वाचत होती. घाईने, अर्धे शब्द गाळत, मध्येच हसत. अशा ठिकाणी मी कोणता शब्द घातला असता, हे मला प्रत्येक वाक्याला आठवत होते.

"हिचं वाचनं लई गोड हाय," मामंजी कुणाला तरी म्हणाले.

मी उठून दार लावून घेतले आणि पहिले वाक्य लिहिले. ते बरे नव्हते. तसेच राहू दिले आणि दुसरे लिहायला घेतले.